दादा इंजिनिअर आहे, तरी चुंबकाच्या पट्ट्यावर त्याचा विश्वास कसा बसला?

धाकटी

नमस्कार मंडळी. इतके दिवस नुसती वाचत होते, धागा पहिल्यांदाच काढते आहे. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझ्या मोठ्या भावाला रूमॅटॉइड आर्थ्रायटिस आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो संधिवात. सकाळी उठल्यावर बोटं इतकी आखडलेली असायची की शर्टाची बटणं वहिनी लावून द्यायची. डॉक्टरांनी आठवड्यातून एकदा घ्यायची मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू केली. सुरुवातीचे कितीतरी आठवडे गोळीचा काहीच उपयोग दिसेना. उलट घेतली की दुसऱ्या दिवशी मळमळ, अंगात त्राण नाही. तो अगदी हात टेकायच्या बेताला आला होता, तेव्हा ऑफिसमधल्या कोणीतरी त्याला मनगटात घालायचा चुंबकाचा पट्टा दिला. दोन-तीन आठवड्यांत बोटं मोकळी व्हायला लागली. आता बटणं स्वतःची स्वतः लावतो. हे बघून मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही.

पण आता तो म्हणतो, ‘गोळीने मळमळ दिली, पट्ट्याने बोटं दिली.’ गोळी बंद करायचं त्याच्या मनात आहे. पट्ट्याबरोबर आलेला कागद त्याने मला वाचून दाखवला. रक्तात लोह असतं, चुंबक लोहाला ओढतो, म्हणून सांध्यापाशी रक्तप्रवाह वाढतो, असं त्यात लिहिलंय. हा माणूस यंत्रांची डिझाइनं करतो. बाहेरून आलेल्या प्रत्येक आकड्याला ‘हा कुठून आला?’ असं विचारल्याशिवाय पुढे जात नाही. त्याने हे कसं काय मानलं? मी काही बोलायला गेले की ‘मी स्वतः अनुभव घेतलाय’ म्हणतो, आणि विषय तिथेच संपतो.

कॉग्निटिव्ह बायसबद्दल, म्हणजे विचार करताना मन नकळत ज्या ठरावीक चुका करतं त्यांच्याबद्दल, वरवर वाचलंय, पण ती नावं त्याच्या तोंडावर फेकून काही साधेल असं वाटत नाही. त्याच्या डोक्यात नेमकं काय घडलं असेल, आणि मी त्याच्याशी बोलू तरी काय?

फॉलोअप

धाकटी, सगळ्यात आधी हे: डॉक्टरांशी बोलल्याशिवाय गोळी थांबवू देऊ नका. दुखणं कमी असतानाही सांध्यात सूज धुमसत राहू शकते आणि आतलं हाड झिजत जातं. झिजलेला सांधा पूर्ववत होत नाही. बाकीची चर्चा आपण सावकाश करू.

मी डॉक्टर नाही. संधिवाताच्या ओपीडीत पेशंटच्या फॉलो-अपच्या नोंदी ठेवते, त्यामुळे मला सवय तारखा बघायची. तुमचं लिहिलेलं वाचताना नजर तिथेच गेली. मेथोट्रेक्सेट हे लगेच गुण देणारं औषध नाही. फरक दिसायला साधारण ६ ते १२ आठवडे लागतात, कधी त्याहूनही जास्त. दादाने गोळी सुरू केली, आठवडे गेले, तो कंटाळला, मग पट्टा आला, आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांत बोटं सुटली. गोळी सुरू झाल्याची तारीख काढा आणि तिथून आठवडे मोजा. गोळीचा गुण यायला जी वेळ लागते, नेमक्या त्याच वेळी पट्टा मनगटात होता असं निघण्याची शक्यता मला बरीच वाटते.

आता हे मनाच्या बाजूने बघा. गोळीचा त्रास दुसऱ्याच दिवशी होतो. तो संबंध जोडायला कष्ट पडत नाहीत आणि तो संबंध खराही आहे. गोळीचा फायदा मात्र दोन-तीन महिन्यांनी येतो, तोही हळूहळू, रोज थोडा थोडा. इतक्या लांबचे दोन धागे आपलं मन आपणहून जुळवत नाही. फरक पडला की मन अगदी अलीकडे काय बदललं ते शोधतं, आणि तिथे पट्टा दिसतो. यात मूर्खपणा काही नाही. रोजच्या जगण्यात कारणं बहुतेक वेळा जवळच सापडतात, म्हणून ही सवय आपल्या उपयोगी पडते. महिन्यांनी गुण देणाऱ्या औषधापुढे मात्र तीच सवय फसते.

म्हणून ‘मी अनुभव घेतलाय’ याला खोडून काढायला जाऊ नका. दादाचा अनुभव खराच आहे. बोटं आखडायची, आता आखडत नाहीत; पट्टा नव्हता, आता आहे. एवढं सगळं त्याने अनुभवलं. पट्ट्यामुळे बोटं सुटली हे मात्र कोणालाच अनुभवता येत नाही, तो त्या अनुभवावरून काढलेला निष्कर्ष असतो. अनुभव मान्य करून निष्कर्षाबद्दल विचारलंत, तर तो ऐकेल असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट ओपीडीत सतत दिसते. माणूस नवा उपाय कधी करतो? दुखणं अगदी टोकाला गेलं की. हा आजार मुळात चढ-उताराचा. टोकाला गेलेलं दुखणं पुढच्या काही आठवड्यांत बऱ्याचदा काही न करताही थोडं खाली येतं. त्या टोकाच्या दिवशी जे काही हातात पडलं असेल, पट्टा असो, तेल असो, अंगठी असो, श्रेय त्याला जातं. यालाच सरासरीकडे परतणं म्हणतात. छद्मविज्ञानातल्या (विज्ञानाचा नुसता आव आणणाऱ्या दाव्यांतल्या) निम्म्याहून अधिक ‘गुण आला’ कहाण्या इथेच जन्मत असाव्यात, असं माझं मत आहे.

लोहाचं म्हणाल, तर दादा इंजिनिअर आहे म्हणून सांगते. रक्तातलं लोह हिमोग्लोबिनच्या रेणूत बांधलेलं असतं. खिळ्यातलं लोखंड चुंबकाला चिकटतं तसं ते वागत नाही. पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवलं की ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन चुंबकापासून अगदी किंचित दूर ढकललं जातं, आणि ऑक्सिजन सोडलेलं किंचित ओढलं जातं. एमआरआयच्या यंत्रात १.५ किंवा ३ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) क्षेत्र असतं, पट्ट्यातल्या चुंबकाच्या कितीतरी पट. रक्त खरंच असं खेचलं जात असतं, तर त्या यंत्रात माणसाला झोपवता आलं नसतं.

आणि हा पट्टा तपासून झालेला आहे. यॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१३ मध्ये रूमॅटॉइड आर्थ्रायटिसच्या ७० पेशंटवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाने चार वस्तू आळीपाळीने वापरल्या: नेहमीच्या ताकदीचा चुंबकपट्टा, कमी ताकदीचा पट्टा, चुंबकत्व काढून टाकलेला पट्टा आणि तांब्याचं कडं. प्रत्येक वस्तू ५ आठवडे. दुखणं, सूज, हालचाल, औषधांची गरज, कशातच अर्थपूर्ण फरक पडला नाही.

आकडेमोड

फॉलोअप यांनी तारखांचं सांगितलं, मी मोजणीचं सांगतो. संख्याशास्त्र शिकवतो, आणि हा भाग फळ्यावर मांडल्याशिवाय मला चैन पडत नाही.

समजा संधिवाताचे १०० पेशंट आहेत. आकडे कल्पित आहेत. त्यातल्या ८० जणांनी पट्टा घातला आणि ६० जणांना बरं वाटलं. ‘पट्ट्याने ६० जण बरे झाले’ हे वाक्य ऐकायला केवढं भारी वाटतं! दादासारखी ६० खरी, प्रामाणिक माणसं साक्षीला उभी. आता उरलेल्या २० जणांकडे या, ज्यांनी पट्टा घातलाच नाही. त्यातल्या १५ जणांना बरं वाटलं. ८० पैकी ६० म्हणजे ७५ टक्के. २० पैकी १५ म्हणजेही ७५ टक्के. पट्ट्याचा वाटा शून्य.

चार रकाने असतात: घातला आणि बरं वाटलं, घातला आणि नाही वाटलं, नाही घातला तरी वाटलं, नाही घातला आणि नाही वाटलं. आपलं मन पहिल्याच रकान्यात मुक्काम ठोकतं. त्याला तशी कारणंही आहेत. दुसऱ्या रकान्यातली माणसं पट्टा कपाटात टाकतात आणि गप्प बसतात. तिसऱ्या रकान्यातल्या माणसाकडे सांगण्यासारखी गोष्टच नसते. ‘मी काही केलं नाही आणि मला बरं वाटलं’ हे कोण कोणाला सांगत बसणार? म्हणजे आपल्या कानावर येतं तेच मुळात चाळणीतून आलेलं असतं. त्यातून एकदा विश्वास बसला की आपण स्वतःही पहिल्याच रकान्यातली उदाहरणं जास्त नीट लक्षात ठेवतो.

माझ्या वरच्या आकड्यांत मी एक गोष्ट मुद्दाम केली आहे. बरे होणारे भरपूर आणि पट्टा घालणारेही भरपूर. कार्यकारणाचा भास, म्हणजे संबंध नसताना एकामुळे दुसरं झालं असं वाटणं, याच दोन अटींवर सगळ्यात जोरात होतो. आजार आपोआप कमी-जास्त होणारा असेल आणि उपाय निरुपद्रवी, सहज मिळणारा, सगळेच करणारे असा असेल, तर ‘केलं आणि बरं वाटलं’ अशा जोड्या ढिगाने जमतात. सर्दी, पाठदुखी, डोकेदुखी, सांधेदुखी यांच्याभोवती छद्मविज्ञान इतकं का फोफावतं याचं उत्तर इथे आहे. मोडलेल्या हाडावर नुसती अंगठी घालून कोणी बसत नाही.

संधिवाताचंच आणखी एक उदाहरण देतो, मला ते फार मोलाचं वाटतं. हवा बदलली की सांधे दुखतात हे जगभरचे पेशंट सांगतात. रेडेलमायर आणि ट्व्हर्स्की यांनी १९९६ मध्ये याबद्दलचा अभ्यास प्रसिद्ध केला. १८ पेशंट, १५ महिने, दुखण्याच्या नोंदी एकीकडे आणि हवामानाच्या नोंदी दुसरीकडे. पेशंटना तो संबंध पक्का वाटत होता, नोंदींत तो सापडला नाही. मग त्यांनी एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या आकड्यांच्या मालिका विद्यार्थ्यांपुढे ठेवल्या. त्यातही अनेकांना संबंध दिसला! म्हणजे दुखणं असलेल्या माणसाचीच ही गोष्ट नाही. ज्याला काही दुखत नाही, ज्याचा काही स्वार्थ नाही, त्यालाही नसलेली नक्षी दिसते.

इथे एक पुरवणी जोडायलाच हवी. १८ माणसं म्हणजे फार थोडी. २०१९ मध्ये ब्रिटनमध्ये २,६०० हून अधिक लोकांच्या फोनवरच्या रोजच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दमट हवा, कमी वायुदाब आणि जोराचा वारा यांचा दुखण्याशी थोडासा संबंध निघाला. थोडासाच, पण निघाला. तेव्हा लोकांचे सगळेच समज खोटे असं मी म्हणत नाही. खरे कोणते आणि भास कोणते हे नुसत्या आठवणीवरून ठरवता येत नाही, नोंदी ठेवाव्याच लागतात.

सावकाश

मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. पट्ट्याने दादांना मानसिक आधार मिळत असेल तर काय बिघडलं? दीर्घ आजारात माणूस फार एकटा पडतो. आपण काहीतरी करतोय या भावनेची किंमत मोठी असते. तुम्ही सगळे मिळून तो आधार काढून घ्याल आणि त्या जागी चार रकाने द्याल. शिवाय शास्त्रज्ञांनाही हेच बायस असतात ना? मग त्यांचं तरी का मानायचं?

जुनी_पानं

सावकाश, तुमचा दुसरा प्रश्न मला फार जवळचा आहे. विज्ञानाच्या इतिहासात मी त्याच गल्लीत फिरत असतो.

हो, शास्त्रज्ञांनाही असतात, आणि तितकेच जोरकस. १९०३ मध्ये फ्रान्सच्या नान्सी शहरात ब्लाँडलो नावाच्या नावाजलेल्या भौतिकशास्त्रज्ञाने ‘एन-किरण’ शोधल्याचं जाहीर केलं. अंधाऱ्या खोलीत अगदी मंद उजेड किंचित वाढलेला दिसणं हाच पुरावा होता. पुढे इतरही अनेकांना ते किरण दिसले. १९०४ मध्ये अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट वुड ते बघायला गेला. अंधारात त्याने उपकरणातला महत्त्वाचा लोलक गुपचूप काढून घेतला, तरी ब्लाँडलोला किरण दिसतच राहिले. धाकटी, दादा शिकलेला असून कसा फसला, या तुमच्या प्रश्नाचं उत्तर यात आहे. शिक्षण माणसाला आपल्या कामातल्या चुका पकडायला शिकवतं. आपल्याला जे दिसावंसं वाटतं ते दिसू लागलं, की तिथे शिक्षण आपोआप जागं होत नाही. हुशार माणसाला तर आपल्या समजुतीसाठी कारणंही अधिक सफाईने रचता येतात.

शास्त्रज्ञांचं म्हणून मानू नका, सावकाश. वुडने जे केलं त्याला माना. स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा बाजूला ठेवायची ती रीत होती.

पट्ट्याची तर मोठी पूर्वपरंपरा आहे. एलिशा पर्किन्स या अमेरिकन डॉक्टरने १७९६ मध्ये धातूच्या दोन टोकदार कांड्यांचं पेटंट घेतलं. जेमतेम बोटाएवढ्या कांड्या. दुखऱ्या भागावरून त्या फिरवायच्या आणि दुखणं ‘ओढून’ काढायचं. संधिवातासाठी त्यांचा मोठा बोलबाला झाला, अटलांटिक ओलांडून त्या इंग्लंडला पोचल्या. तिथे बाथ शहरात जॉन हेगार्थ या डॉक्टरने १७९९ मध्ये लाकडाच्या कांड्या करून घेतल्या आणि रंगवून हुबेहूब धातूच्या दिसतील अशा बनवल्या. जुनाट संधिवाताच्या ५ पेशंटवर त्या फिरवल्या. ४ जणांना आराम वाटला. दुसऱ्या दिवशी त्याच पेशंटवर खऱ्या धातूच्या कांड्या फिरवल्या, निकाल तोच. पेशंट खोटं बोलत नव्हते. आराम त्यांना खरोखर वाटला होता, धातूचा मात्र त्यात काही हात नव्हता. १७९९ चा हेगार्थ आणि २०१३ चं यॉर्क यांच्यात दोनशेहून जास्त वर्षं आहेत, प्रश्न मात्र एकच विचारलेला आहे: सगळं तसंच ठेवून फक्त तो धातू, तो चुंबक काढून घेतला तर काय होतं?

पर्किन्सलाही मी लबाड म्हणणार नाही. पीतज्वरावरचं स्वतःचं औषध घेऊन तो न्यूयॉर्कच्या साथीत रोग्यांची सेवा करायला गेला आणि १७९९ मध्येच त्या रोगाने वारला. छद्मविज्ञान पसरवणारा माणूस अनेकदा स्वतः त्यात पुरता बुडालेला असतो, म्हणून तर त्याच्या बोलण्यात इतकं बळ असतं.

फॉलोअप

सावकाश, तुमच्या पहिल्या प्रश्नाबद्दल. पट्टा काढा असं मी म्हणतच नाहीये. घालू दे त्यांना. यॉर्कच्या प्रयोगात जे तपासलं ते दुखणं आणि सूज; मनाला वाटणाऱ्या आधाराला कोणी हात लावलेला नाही. माझी काळजी फक्त गोळीची आहे. आधार म्हणून घेतलेली वस्तू औषधाची जागा मागायला लागली की तिने काही बिघडत नाही असं म्हणता येत नाही. बोटांचे सांधे वाकडे झाल्यावर मगच ओपीडीत आलेली माणसं मी बघते. त्यांच्यापैकी कोणी अडाणी नसतं आणि कोणी आळशी नसतं. मधल्या काळात त्यांना खरंच बरं वाटत होतं, हेच तर सगळ्यात वाईट.

धाकटी, बायसची नावं तोंडावर फेकायची नाहीत हे तुम्ही बरोबर ओळखलंत. एमिली प्रोनिन आणि तिच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखवलं की बायसचं वर्णन वाचूनही लोकांना वाटतं, हे इतरांना जास्त लागू आहे, मला कमी. दादाला ‘तुला कन्फर्मेशन बायस झालाय’ (म्हणजे आपल्या समजुतीला पटेल तेवढंच तू बघतोस) म्हणालात, तर तो तुमच्यातला शोधून काढेल, आणि तोही त्याला सापडेल.

आकडेमोड

याला जोडून. स्पेनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ मध्ये किशोरवयीन विद्यार्थ्यांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना आधी एक छोटासा तुकडा दिला आणि हा जवळ ठेवला की शरीराची आणि बुद्धीची ताकद वाढते असं सांगितलं. मुलांनी तो वापरून बघितला, अनेकांचा विश्वास बसला. मग खरं काय ते सांगितलं, आणि तुकडा नसताना काय होतं हे तपासायला शिकवलं. त्यानंतरच्या वेगळ्याच कामात या मुलांना कार्यकारणाचा भास कमी झाला. उपदेशाने हे झालं नसतं असं मला वाटतं. हातात घेऊन तपासायला मिळालं म्हणून झालं.

दादालाही तपासायला द्या. इंजिनिअरला ‘तू चुकतोस’ म्हणण्यापेक्षा ‘हे कसं मोजशील?’ विचारलेलं केव्हाही चांगलं.

धाकटी

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. फॉलोअप ताई, तुमचं वाचून लगेच वहिनीला फोन केला आणि जुनी प्रिस्क्रिप्शन शोधायला सांगितली. गोळी सुरू झाल्यापासून पट्टा येईपर्यंत दोन महिने होत आले होते. वहिनी फोनवर थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, हे त्याला मी दाखवते, तू नको. मला ते पटलं.

दादाला मोजायला सांगायचं झालं तर नेमकं काय मोजायचं? आणि पट्ट्यात खरंच चुंबक आहे की नाही हे त्याला कळू न देता काही करता येईल का?

फॉलोअप

वहिनींनीच दाखवावं, हे फार चांगलं.

सकाळी उठल्यापासून बोटं पूर्ण सुटेपर्यंत किती मिनिटं लागली, एवढंच रोज लिहायचं. डॉक्टरही हेच विचारतात. लिहिताना आदल्या दिवसाचा आकडा बघायचा नाही, नाहीतर आजचा आकडा त्याच्याकडे झुकतो. काही आठवडे पट्टा, काही आठवडे पट्टा नाही, आणि कोणते आठवडे कोणते हे आधीच चिठ्ठी काढून ठरवायचं. त्या दिवशी कसं वाटतंय त्यावर नाही. या सगळ्या काळात गोळीत काडीचाही बदल करायचा नाही. सुरू करण्याआधीच दादाला विचारून लिहून ठेवा, की आकडे कसे आले तर तो काय मानेल.

लपवून ठेवणं घरी जमणार नाही. चुंबक किल्लीला चिकटतो, कपाटाच्या दाराला चिकटतो, माणसाला कळतंच. म्हणून घरच्या मोजणीत मनाचा थोडा वाटा येणार, हे धरून चाला. तेवढ्यासाठी यॉर्कचा निकाल हाताशी ठेवा.

मळमळीबद्दल डॉक्टरांना स्पष्ट सांगा. दादाच्या मनात गोळीविरुद्ध जे साचलंय त्यात तिचा वाटा मोठा दिसतोय, आणि तिच्यावर उपाय असतात: फॉलिक अॅसिड (या गोळीचा त्रास कमी व्हावा म्हणून देतात ते जीवनसत्त्व) चालू आहे का ते बघतात, कधी गोळीची वेळ बदलतात, कधी इंजेक्शनवर नेतात. भेटीआधी रक्ततपासणी करून घ्या. मेथोट्रेक्सेटवर असताना लिव्हर आणि रक्तपेशी ठरावीक काळाने बघाव्याच लागतात, आणि सूज खरंच उतरली आहे का हे ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्यांवरून कळायला मदत होते. आणि गोळी आठवड्यातून एकदाच जाते आहे ना, याची खात्री वहिनींना करायला सांगा. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

धाकटी

वार ठरलेला आहे, रविवार. फॉलिक अॅसिड प्रिस्क्रिप्शनवर आहे, पण वहिनी म्हणते ते बरेच दिवस आणलेलंच नाही. अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. त्याआधीच्या रविवारची गोळी दादा घेणार आहे, एवढं त्याने वहिनीजवळ कबूल केलंय. मिनिटं लिहायला वही न घेता त्याने स्प्रेडशीट काढली आहे. पहिला आकडा उद्या सकाळी.